दिवसभर घराला कुलूप, आत एकच मांजर: चालतं का?

कासारवडवलीकरीण

गेल्या रविवारी मांजराचं पिल्लू आणायला गेले आणि हात हलवत परत आले. म्हणून हा धागा.

मी कासारवडवलीला एकटी राहते, नोकरी ऐरोलीत. सकाळी आठला घर सोडते, परत यायची वेळ घोडबंदर रोड ठरवतो. कधी साडेसात, कधी नऊ. आठवड्यातून एक दिवस घरून काम. पिल्लं दत्तक देणाऱ्या एका बाईंकडे गेले होते. दोन महिन्यांचं, राखाडी पट्ट्यांचं एक पिल्लू सरळ माझ्या मांडीवर येऊन झोपलं. मग बाईंची प्रश्नपत्रिका सुरू झाली. घर स्वतःचं की भाड्याचं, खिडक्यांना जाळी आहे का, लग्नानंतर मांजराचं काय करणार (हा प्रश्न आईने पढवून ठेवला होता की काय, देव जाणे). सगळ्यात पास झाले. शेवटी कामाचे तास सांगितले, तर म्हणाल्या, "एकटं देणार नाही. दोन न्या, नाहीतर राहू दे."

आता माझं म्हणणं. मांजर म्हणजे कुत्रा नव्हे. त्याचा मूळ पूर्वज आफ्रिकी रानमांजर, एकट्याने शिकार करणारा प्राणी. आपल्या घरातलं मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं. मी ऑफिसात असताना ते झोपणार, मी आल्यावर उठणार. यात क्रूरपणा कुठे आला? आणि माझं घर वन आरके आहे. त्यात दोन मांजरं, त्यांचे शी-शूचे ट्रे, दोघांच्या लशी, दोघांची ऑपरेशनं... मी तर घरात पाहुणी होईन.

मला आधीच सगळे विचारतात, "एकटी कशी राहतेस गं?" आता मांजराच्या वतीनेही तेच ऐकायचं का?

फॉस्टर_माऊ

ताई, त्या बाई मी नव्हे. पण मीही दिलं नसतं.

तुम्ही सोळा तास झोपेचा हिशोब मांडलात तो बरोबर आहे, पण ती झोप सलग नसते. मांजर खऱ्या अर्थाने जागं होतं ते पहाटे आणि दिवेलागणीला. तुमची दिवेलागण कापूरबावडीच्या सिग्नलला होते. म्हणजे ज्या वेळी त्याला पळायचं, उड्या मारायच्या, कुणावर तरी झडप घालायची असते, नेमक्या त्या वेळी घरात कुणी नाही. मग ते सगळं रात्री अकराला तुमच्या पांघरुणातल्या पायांवर होतं.

आणि मोठ्या मांजराचं सोडा, तुम्ही दोन महिन्यांचं पिल्लू मागत होतात. पिल्लू चावायला शिकतं भावंडांवर. जोरात चावलं की दुसरं केकाटतं, खेळ थांबवतं, मग याला कळतं की इतकं चावायचं नाही. एकटं वाढलेलं पिल्लू हा धडा माणसाच्या घोट्यावर गिरवतं. मला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फोन येतात, "फार चावतं, हात बघा माझे, परत घ्या." यातले बहुतेक एकटं नेलेलेच असतात. शिवाय पिल्लाचं पोट एवढंसं, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं लागतं. बारा तास कुणाचं लक्ष नाही म्हटल्यावर ते रबरबँड गिळेल, शिलाईचा दोरा गिळेल. दोरा आतड्यात अडकला की पोट फाडूनच काढावा लागतो.

तुम्हाला एक हवं आहे म्हणून मांजराला एकटेपणा आवडतो, असं चाललंय. उंदराला मांजर साक्ष!

नेरूळचे_नाना

धागाकर्तीला अनुमोदन. दोन दोन करणाऱ्यांनी माझ्या घरी येऊन आठवडाभर राहून दाखवावं.

आमची ठकी चार वर्षं एकटी होती. आम्ही दोघं नोकरीवर, ती खिडकीत. मजेत होती. मग कुणीतरी मनात भरवलं की ती उदास दिसते. (मांजर उदास दिसतं म्हणजे नक्की कसं दिसतं, हे मला आजवर उमगलेलं नाही.) तिला सोबत म्हणून एक बोका आणला. त्याला आता तीन वर्षं होतील. ठकी बेडरूममध्ये, बोका हॉलमध्ये, आणि मधलं दार आम्ही रेल्वे फाटकासारखं उघडतो आणि लावतो. पहिल्या वर्षी ठकीने दोन सोफे मुतून घालवले. डॉक्टर म्हणाले, ताण आहे.

चूक आमचीही होती. नवं मांजर आणलं की आधी वेगळ्या खोलीत ठेवायचं, एकाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसऱ्याला हुंगायला द्यायचं, दाराच्या दोन बाजूंना जेवू घालायचं, असे दोन-तीन आठवडे काढायचे आणि मग तोंडओळख. आम्ही पिंजरा उघडला आणि "जा खेळा" म्हणालो. पण मला सांगा, वन आरकेमध्ये ही वेगळी खोली कुठून आणायची? बाथरूममध्ये?

फॉस्टर_माऊ

नाना, चार वर्षांच्या राणीच्या घरात परका बोका घुसवणं वेगळं आणि एकाच पोटची दोन पिल्लं सोबत नेणं वेगळं. सख्खी भावंडं सहसा एकमेकांच्या अंगावर झोपतात. तुमच्या सोफ्यांचं दुःख समजू शकते, पण ते उदाहरण इथे बसत नाही.

चेंदणीकर

आमच्या लहानपणी चेंदणी कोळीवाड्यात मांजर कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. मासळीच्या टोपल्यांमागे दहा-बारा असायची. सकाळी एका घरी मांदेलीची डोकी, दुपारी दुसऱ्या ओट्यावर झोप, रात्री तिसऱ्याच्या कौलांवर भांडणं. आमची आजी ज्याला "माझा बोका" म्हणायची त्याला शेजारची काकूही "माझा बोका" म्हणायची, आणि तो दोन्हीकडे दूध पिऊन यायचा. "पाळायचा" असायचा तो पोपट.

एक की दोन यावर तुम्ही भांडताय. मला विचाराल तर गडबड बंद दाराची आहे. सोळाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मुळात एकही मांजर ठेवू नये.

लॅबवाली

काका, त्या दहा-बारांपैकी पाच वर्षांची किती झाली ते सांगा की. रस्त्यावरची बरीचशी मांजरं गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी किंवा साथीत जातात. नव्या टोपलीत नवी पिल्लं येतात म्हणून आकडा तोच दिसतो.

मूळ विषयावर दोन गोष्टी. स्वित्झर्लंडने २००८ साली प्राण्यांसाठी जे नियम केले त्यात गिनीपिगसारखे कळपातले प्राणी एकटे ठेवायला मनाई आहे. मांजराबद्दल मात्र नियम असा, की एकट्या मांजराला रोज माणसाचा सहवास हवा किंवा दुसरी मांजरं नजरेला पडायला हवीत. दोन पाळायची सक्ती तिथेही नाही.

दुसरं, २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी पिल्लांना अनोळखी खोलीत सांभाळणाऱ्या माणसाबरोबर ठेवलं, मग माणूस दोन मिनिटं बाहेर गेला आणि परत आला. सुमारे ६४ टक्के पिल्लं तो आल्यावर निवांत झाली आणि पुन्हा खोली धुंडाळायला लागली. लहान मुलांचं आईशी असलेलं नातं तपासायला हाच प्रयोग करतात, आकडाही साधारण तिथलाच येतो. तेव्हा "मांजराला फक्त वाटीशी मतलब" हे विसरा. माणूसही त्याची सोबत असतो.

फॉस्टर_माऊ

सोबत असतो ना? मग तीच सोबत बारा तास गायब होते, त्याचं काय? तुमचा पुरावा माझ्याच बाजूने आहे. दोन मिनिटं म्हणताय, इथे सकाळचे आठ ते रात्रीचे नऊ आहेत.

मधलाच_कुणीतरी

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पनवेल_लोकल

मी दोन्ही बाजूंचा नाही. जे घडलं ते सांगतो.

माझा बोका, वय पाच, एकटा. माझी ड्यूटी नऊ ते नऊ धरा. एक दिवस सकाळी तो तीनदा ट्रेमध्ये जाऊन बसला. वाटलं, पोट कडक झालं असेल. बूट घातले, गाडी पकडली. रात्री दार उघडलं तर नेहमीसारखा पायात आला नाही. कपाटामागे बसलेला, हात लावला तर गुरगुरला. पोटाला टणक चेंडूसारखं काहीतरी लागलं. लघवी तुंबली होती. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की बंद. एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्री अकराला दोन दवाखाने बंद, तिसरा उघडा सापडला. नळी घातली, चार दिवस सलाईन. वाचला.

तेव्हापासून लोक मलाही म्हणतात, दुसरं मांजर आण. अहो, दोन बोके असते तरी दुसऱ्याने मला ऑफिसात फोन केला नसता. उलट दोघांचा ट्रे एकच असता तर कोण किती वेळा जातंय हेही कळलं नसतं. एकाच मांजराचा ट्रे म्हणजे रोजचा रिपोर्ट. किती ढेकळं, केवढी, सगळं दिसतं.

मला गरज होती ती दुपारी दार उघडणाऱ्या माणसाची. खालच्या मजल्यावरच्या एका आजींना किल्ली दिली. रोज तीनला वर येतात, पाणी बदलतात, त्याला मटारच्या शेंगा सोलत गप्पा सांगतात. त्याने जेवण टाकलं तर मला मिस्ड कॉल. ताई, तुमच्या त्या बाईंनी पगार विचारला, लग्न विचारलं, किल्ली कुणाकडे ठेवणार हे विचारलं का?

कासारवडवलीकरीण

नाही विचारलं. आणि मलाही सुचलं नव्हतं, कबूल करते.

शेजारच्या काकूंना मांजर आडवं गेलेलं चालत नाही. परत घरात जातात, पाणी पितात, मग निघतात. त्यांच्या हातात किल्ली देऊन मांजर रोज आडवंच घालायचं म्हणजे... पण त्यांची सून गोड आहे, घरूनच काम करते. विचारून बघते.

माऊताई, चावण्याचा मुद्दा मात्र मला पटला. पिल्लू हवं होतं ते खरं सांगायचं तर त्या मांडीमुळे. दुसरं काही कारण नाही.

नेरूळचे_नाना

मांडीवर मोठी मांजरंही झोपतात. फक्त पाय जास्त दुखतात.

फॉस्टर_माऊ

पिल्लाबाबत मी शब्द मागे घेत नाही, दिवसभर बंद घरात एकटं पिल्लू नको म्हणजे नको. पण मोठ्या मांजराबद्दल वेगळं बोलता येईल. माझ्याकडे एक तीन वर्षांची भाटी आहे. मालक परदेशी गेले. ऑपरेशन झालंय, लशी झाल्यात. तिला दुसरं मांजर समोर दिसलेलं खपत नाही, त्यामुळे माझ्या घरात ती आठ महिने बाथरूमच्या माळ्यावर राहून बाकीच्यांना शिव्या देते. सगळ्यांना पिल्लं हवी असतात, हिला बघायलाही कुणी येत नाही. तुमच्यासारखं एकट्या माणसाचं शांत घर तिला बहुतेक मानवेल. पण सकाळी निघण्याआधी वीस मिनिटं आणि आल्यावर, कितीही दमलात तरी, चपला काढून लगेच वीस मिनिटं दोरीची काठी घेऊन पळवायचं. मोबाइल बघत काठी हलवलेली तिला कळते.

लॅबवाली

अवांतर, पण कामाचं. पावसाळ्यात कुंड्यांत, फुटपाथच्या कडेला खोकली नावाचं तण उगवतं. त्याचं ताजं उपटलेलं मूळ बऱ्याच मांजरांना वेड लावतं, लोळतात अक्षरशः. फुकटातलं खेळणं. आणि घरात लिलीची फुलं आणू नका, मांजराच्या मूत्रपिंडाला जीवघेणी. तापाची पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, एक गोळीही पुरते मारायला.

चेंदणीकर

एवढं सगळं करण्यापेक्षा माणसाचं पोर सोपं.

पनवेल_लोकल

काका, पोराला सोसायटीत किल्ली ठेवायला माणूस शोधताना बघा एकदा.

कासारवडवलीकरीण

माऊताई, शनिवारी भाटीला बघायला येते. नुसतं बघायला. दोन न्या नाहीतर राहू दे हा नियम मला अजूनही मान्य नाही, आणि लग्नानंतर काय करणार हे विचारायचं नाही.

फॉस्टर_माऊ

नाही विचारणार. खिडक्यांचे फोटो मात्र आधी पाठवा. बिल्डरने लावलेली कबुतरांची नायलॉनची जाळी असेल तर ती मी धरत नाही, मांजर दाताने कुरतडते. स्टीलची बसवून झाल्याशिवाय येऊ नका. उगाच मांडीवर बसली तर तुम्हालाच त्रास होईल.