आर्थिक मदतीची मागणी अर्जासोबतच करावी
आधी प्रवेश मिळवावा, शिष्यवृत्तीचे नंतर पाहावे, असा सल्ला दिला जातो. अमेरिकेत पदवीसाठी जाणाऱ्यांना मात्र हा क्रम महागात पडू शकतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारख्या मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याची ऐपत पाहत नाहीत आणि निवडीनंतर त्याची सिद्ध झालेली आर्थिक गरज पूर्ण भागवतात. इतर बहुतेक ठिकाणी मदतीच्या मागणीचा निवडीवर परिणाम होतो, तरीही ती सुरुवातीलाच करावी, कारण काही विद्यापीठे नंतर ती विचारातच घेत नाहीत. माझ्या भाचीने अनेक विद्यापीठांसाठी चालणाऱ्या सामाईक अर्जाचा, म्हणजे कॉमन अ‍ॅपचा ६५० शब्दांचा निबंध सात वेळा लिहिला. मदतीसाठी कुटुंबाची आर्थिक माहिती देणारा सीएसएस प्रोफाइल हा फॉर्म भरताना मात्र, वडिलांचे उत्पन्न महिन्याचे लिहायचे की वर्षाचे, यातच तिची शेवटची रात्र गेली.