माकडतापाला माकडांना कशाला झोडपताय?

'माकडं पकडून नेली की ताप आपोआप थांबेल' असं माकडतापाबद्दल काही जण म्हणतात, ते पटलं नाही. माकड इथं आपल्यासारखंच बळी आहे. विषाणू पसरवते ती रानातली गोचीड. 1957 मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मेली, म्हणून हे नाव पडलं इतकंच. उलट मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिड्या उतरून आसपास पसरतात. त्यामुळे तसं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला लगेच कळवायचं.

आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडे हा ताप नेमका काजूच्या हंगामात येतो. बागेत वाकून बिया वेचायच्या, भाजावळीसाठी (शेतजमीन भाजायला) पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, गोळा करायचा, आणि गोचिडीची पिल्लं त्या पातेऱ्यातच. खसखशीएवढी, दिसतही नाहीत. काकी गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल लावायला कंटाळायची ("वास येता!"). आता पूर्ण बाह्यांचा शर्ट, तेल, आणि घरी आल्यावर आधी गरम पाण्याने आंघोळ, कपडेही गरम पाण्यात. बागेत गेलेल्याला ताप आला तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. यावर खास औषध नाही, पण लवकर दाखल केलं तर सलाईन आणि प्लेटलेटवर लक्ष ठेवून बहुतेक जण बरे होतात.