मदत हवी आहे: बारचा वेग कमी दिसला तर वजन उतरवायचं की सेट?

राम राम मंडळी. मी फैजपूरकडचा, घरची केळी आहे. तीन वर्षांपासून बारबेल करतोय, स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठणं) १४० किलोपर्यंत गेलाय.

वेग मोजायचं यंत्र परवडत नाही, म्हणून मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करतो. मोबाईल रोज त्याच जागी, विटेला टेकवून. तळापासून वरपर्यंत बार ५६ सेंटिमीटर चढतो, टेपने मोजलंय. वॉर्म-अपला रोज १०० किलोचे दोन रेप (एकदा बसून उठलं की एक रेप), अंगात असेल तेवढ्या जोरात. बार तळातून सुटल्यापासून गुडघे सरळ होईपर्यंतच्या फ्रेम मोजतो. चांगल्या दिवशी १९२ येतात. म्हणजे ०.८ सेकंद, वेग ०.७० मीटर प्रति सेकंद.

आता अडचण. शेतीची लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात एक-दोन वाजता उठून मोटार लावायला, वॉल फिरवायला जावं लागतं. त्या आठवड्यात तेच १०० किलो २१५ फ्रेम खातात, वेग ०.६२ वर येतो. अंगाला मात्र काहीच जाणवत नाही!

गेल्या महिन्यात हा आकडा दिसत असूनही मी ठरलेले ११० किलोचे पाच सेट (सलग रेपची एक फेरी म्हणजे सेट) केलेच. चौथ्या सेटच्या शेवटच्या रेपला बार मध्येच अडकला, कंबर पुढे गेली. दहा दिवस खांद्यावर घड घेता आला नाही. ऐन कापणीत मी बांधावर बसून होतो. वडील काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं ते.

तर अशा दिवशी वजन कमी करू, सेट कमी करू, की सुट्टीच घेऊ? आणि आमच्या जिमला पत्रे आहेत, मे महिन्यात आत भट्टी असते. वेग उन्हानेही पडत असेल का?

प्रतिसाद

भाऊ, आधी कंबर पूर्ण बरी होऊ द्या. मोजणी चांगली आहे. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत तुमचा रेप २४ फ्रेमचा झाला असता, एक फ्रेम चुकली की चार टक्के फरक. २४० वर ती भीती नाही. १९२ चे २१५ म्हणजे खरा थकवा धरा. झोपमोडीचा असो की उन्हाचा, त्या दिवशी पायात जोर कमी आहे एवढं खरं. तरी ऊन वेगळं काढायचं तर आठवडाभर पहाटे मोजून बघा.

सुट्टी नको. एखाद्या ताज्या दिवशी ६०, ८०, १००, १२० किलोचा वेग लिहून ठेवा. वजन वाढलं की वेग उतरतो, आणि तो उतार ज्याचा त्याचा असतो. मग १०० किलो ०.६२ ने आले, तर ताज्या दिवशी ०.६२ ने कोणतं वजन उठतं ते तक्त्यात बघा. जेवढे किलो जास्त निघतील तेवढे आजच्या बारवरून उतरवा.

सेटचं वेगळं. पाचचा आकडा सोडा. सेटमधल्या सगळ्यात वेगवान रेपपेक्षा वीस टक्के मंद रेप आला की बार रॅकवर. २०१७ साली छापलेल्या, स्पॅनिश संशोधकांच्या आठ आठवड्यांच्या स्क्वॉट प्रयोगात वीस टक्क्यांवर थांबणाऱ्यांची ताकद चाळीस टक्के मंद होईपर्यंत रेप काढणाऱ्यांइतकीच वाढली, तेही बरेच कमी रेप करून. स्नायूंचा आकार चाळीसवाल्यांचा जास्त वाढला, पण तुम्हाला सकाळी घडही उचलायचेत.

एकच अट, प्रत्येक रेप पूर्ण जोराने. मुद्दाम हळू उठलात तर आकड्याला अर्थ नाही.

धागाकर्ता

खूप आभार दादा. जुने व्हिडिओ आत्ताच काढून बघितले. त्या दिवशीच्या दुसऱ्या सेटलाच तिसरा रेप पहिल्यापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त मंद आहे. कंबर ठीक आहे, सोमवारपासून दिवसाची लाईट येतेय. दोन रात्री झोप झाली की बुधवारी ६० पासून तक्ता मोजतो आणि इथेच टाकतो.