‘रिलिजस एक्स्पीरियन्स’साठी आधीच निकाल न देणारा शब्द हवा आहे

मोगरा७:
तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एका प्रकरणाचा अनुवाद करते आहे. प्रश्न असा: एखाद्याला देव दिसला, त्याचं सान्निध्य जाणवलं, तर तेवढ्यावरून देव आहे असं मानता येईल का? मी सगळीकडे ‘साक्षात्कार’ लिहिलं आणि तिसऱ्या पानावर अडले. ‘साक्षात्कार चुकीचा असू शकतो’ हे वाक्य मराठीत उभंच राहत नाही. चुकीचा असेल तर तो साक्षात्कार कसला? ‘भास’ लिहिलं तर उलट बाजूने निकाल लागतो. संपादक ‘धार्मिक अनुभव’ सुचवतात, पण ते वाचून डोळ्यांपुढे पूजा-व्रतं येतात. काय करू?

तर्कटी:
नुसतं ‘अनुभव’ लिहा. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, म्हणजे न्यायदर्शनाच्या प्राथमिक ग्रंथात, ज्ञानाचे दोन प्रकार सांगितलेत, स्मृती आणि अनुभव. आणि अनुभवाचेही दोन: यथार्थ आणि अयथार्थ. शिंपल्याला चांदी समजणं हाही अनुभवच, फक्त अयथार्थ. तुम्हाला हवा तो शब्द आपल्याकडे शतकानुशतकं तयार आहे.

भीमातीर:
तर्कटी, पोथीतला ‘अनुभव’ आणि बोलण्यातला ‘अनुभव’ एक नाही हो. ‘स्वामींचा अनुभव आला’ असं कुणी म्हणालं की ते खरं घडलं, एवढाच त्याचा अर्थ. ‘अनुभवें आलें अंगा । तें या जगा देतसें’ म्हणताना तुकोबा यथार्थ-अयथार्थ पर्याय ठेवत नाहीत. ‘अनुभव घेणे’ तटस्थ आहे, ‘अनुभव येणे’ नाही. आणि देवाच्या बाबतीत अनुभव येतोच, कुणी घेत नाही.

नदीकाठ:
‘दृष्टांत’ कुणीच कसा सुचवला नाही? माझ्या आजीला आषाढीच्या आदल्या रात्री विठोबा दिसला, उंबऱ्यात उभा. ती आयुष्यभर ‘दृष्टांत झाला’ म्हणायची. आजोबा म्हणायचे, ‘तिला स्वप्न पडलं.’ रात्र तीच, दिसलं तेच, क्रियापदं दोन. लहानपणी वाटायचं, ते विठोबावरून भांडतात. आता वाटतं, भांडण ‘झाला’ आणि ‘पडलं’ यांचं होतं.

तर्कटी:
सुंदर आठवण, पण ‘दृष्टांत’ नको. न्यायदर्शनात दृष्टांत म्हणजे उदाहरण. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथातही तोच अर्थ.

भीमातीर:
आणि तुकोबा ‘स्वप्न’ शब्दाला घाबरत नाहीत. ‘नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें’. स्वप्न होतं हे कबूल करूनही त्याचा अधिकार तसूभर कमी होत नाही. म्हणजे ‘स्वप्न म्हणजे खोटं’ हे समीकरण आजोबांचं, भाषेचं नव्हे.

शेंदरी_माठ:
मूळ मुद्द्यावर येऊ या का? तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने १९३५ मध्ये लिहिलं, त्याचा आशय असा: कमी खाऊन स्वर्ग पाहणारा आणि जास्त पिऊन साप पाहणारा, दोघांचंही शरीर नेहमीच्या स्थितीत नसतं, मग एकाच्याच दिसण्यावर विश्वास का ठेवायचा? १९६२ च्या गुड फ्रायडेला बॉस्टन विद्यापीठाच्या चॅपलमध्ये धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. दहांना सायलोसायबिन हे मनोवस्था बदलणारं द्रव्य, दहांना तुलनेसाठी निकोटिनिक आम्ल हे जीवनसत्त्व. पहिल्या गटातल्या बहुतेकांनी जे सांगितलं ते गूढानुभवांच्या वर्णनांशी जुळणारं होतं. त्यांना काय झालं? प्रचिती म्हणाल की नशा? दोन्ही शब्द वाद सुरू होण्याआधीच संपवतात. मोगरा, तुमची अडचण अगदी खरी आहे.

मोगरा७:
हो, नेमकं हेच! पुढे तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्नचं तत्त्व येतं: विरुद्ध कारण मिळेपर्यंत, जसं दिसतं तसंच आहे असं धरून चाला. इथे सगळा भार ‘दिसतं’ किंवा ‘वाटतं’वर आहे. ‘देव जवळ आहे असं वाटलं’ म्हटलं की मराठी वाचक ते मत समजतो. ‘जाणवलं’ म्हटलं की खरं समजतो. मधलं काही आहे का?

नदीकाठ:
‘भासलं’. ‘भास झाला’पेक्षा ते मऊ आहे. ‘तो मला थकलेला भासला’ म्हणताना तो थकलेला नव्हता असं कुठे म्हणतो आपण? मूळ अर्थ प्रकाशणं. नामात खोटेपणा शिरला, क्रियापद अजून बरंच स्वच्छ आहे.

कावेरीकाका:
प्रचितीचा विषय निघाला म्हणून सांगतो. प्रत्ययाचं पालीत ‘पच्चय’ होतं, त्याच वाटेने प्रतीतीची ‘प्रचीती’ झाली. ‘ची’ दीर्घच हवी. आणि ‘अनुभूती’ हिंदीतून आलेलं फॅड आहे, ते तरी वापरू नका.

भीमातीर:
काका, अनुभूती शुद्ध संस्कृत आहे, हिंदीची मक्तेदारी कशाला? आणि पच्चयमध्ये ‘र’ उडतो, तुमच्या प्रचीतीत तो कसा टिकला? प्र + चित् का नको?

तर्कटी:
व्युत्पत्ती बाजूला ठेवा. रामदासांकडे शास्त्रप्रतीती, गुरुप्रतीती आणि आत्मप्रतीती, तिन्हींचा मेळ बसावा लागतो. म्हणजे एकट्याला आलेली प्रतीती पुरेशी नाही, हे आपल्या परंपरेलाही माहीत होतं. ‘प्रतीती’ घ्या, ती तपासता येते.

शेंदरी_माठ:
पण त्यातल्या दोन कसोट्या त्याच परंपरेच्या. सूफीला त्याचा गुरू, कार्मेलाईट या कॅथलिक संघातल्या जोगिणीला तिचा पाद्री. प्रत्येकाचा मेळ आपल्या घरात लागतो आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. ही हरकत रसेलच्या हरकतीपेक्षा मला जड वाटते.

मोगरा७:
जोगीण! पुढच्याच परिच्छेदात ‘नन’ आहे, मी ‘साध्वी’ लिहिलं होतं.

कावेरीकाका:
साध्वी जैनांची. गोव्यात ‘मादर’ म्हणतात. आणि भीमातीर, ‘र’ टिकला कारण लोकांच्या कानात ‘प्रत्यय’ शब्द होताच. उद्या सविस्तर लिहितो.