पद्मिनी: गिअरबॉक्स परत चढवल्यावर स्पीडोमीटरची केबल बसत नाही

कोल्हापूर_११००

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६. क्लचप्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवला होता. सगळं जोडून झालंय, पण स्पीडोमीटरचा काटा शून्यावरून हलत नाही आणि किलोमीटरचे आकडेही सरकत नाहीत. गिअरबॉक्सच्या बाजूला केबलचा नट जेमतेम दोन आटे धरतो आणि अडतो. डॅशबोर्डमागचं टोक सोडवलेलंच नाही. नट पकडीने आणखी आवळावा का? आणि केबल बदलायची वेळ आलीच, तर आत ग्रीस किती भरायचं?

पानापकड

पकड अजिबात लावू नका. दोन आट्यांवर नट अडतोय म्हणजे आतल्या तारेचं चौकोनी टोक पिनियनच्या (गिअरबॉक्समधल्या, केबल फिरवणाऱ्या छोट्या गरारीच्या) चौकोनी भोकात उतरलेलं नाही, भोकाच्या काठावर टेकलंय. अशा वेळी नट आवळला तर तार वर रेटली जाते. मग एकतर टोकाचे कोपरे मुडपतात, नाहीतर वरचं टोक मीटरच्या खोबणीवर दाबलं जाऊन मीटरची दांडी खराब होते. केबल आत खेचून घेणं हे नटाचं काम नव्हे. टोक आधी आपसूक आत पडलं पाहिजे, नट फक्त ते धरून ठेवतो.

काटा आणि आकडे दोन्ही बंद आहेत ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. आकडे गरारींवर चालतात आणि काटा चुंबकाच्या ओढीवर, पण दोघांना फिरवणारी दांडी एकच. आकडे चालू आणि काटा मेलेला असता तर बिघाड मीटरमध्ये निघाला असता. दोन्ही बंद म्हणजे बहुतेक वेळा फिरकी वरपर्यंत पोचतच नाही.

आता कामाचं. गाडी सपाट जागी, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे. मागचं एक चाक जॅकने उचला आणि गाडीखाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर किंवा विटांवर आत शिरू नका. गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक सोडलेला, नाहीतर चाक फिरणार नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण डॅशबोर्डमागे हात घालताना उघड्या टर्मिनलला अंगठी किंवा पाना लागला की वायरिंग जळतं. मग केबलचा वरचा नटही सोडा. वरचं टोक मोकळं असलं की केबल हवी तशी सरळ धरता येते आणि तार फिरते की नाही ते डोळ्यांनी दिसतं.

खाली पिनियनचं तोंड रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि टॉर्च मारून आत बघा. जुन्या तारेचं तुटलेलं टोक कधीकधी तिथे अडकलेलं असतं, आणि ते असेल तर नवी केबल कधीच बसणार नाही. सुईसारख्या टोकाच्या पकडीने किंवा बारीक चुंबकाने काढा. मग केबल पिनियनच्या अगदी सरळ रेषेत धरून बोटाने हलका दाब द्या आणि दुसऱ्याला उचललेलं चाक सावकाश हाताने फिरवायला सांगा. चौकोन चौकोनासमोर आला की टोक टचकन आत उतरतं, ते बोटाला स्पष्ट कळतं. त्यानंतर नट बोटांनीच शेवटपर्यंत जायला हवा. पकडीला कापड गुंडाळून शेवटी किंचित चाप दिला की पुरे.

खात्री करायला वर डॅशबोर्डमागे तारेचं टोक बघत चाक फिरवा. ते फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर तार बोटांनी फिरवून पाहा: मोकळी गरगरली तर ती मध्ये तुटली आहे किंवा खाली बसलेली नाही.

एक चाक हवेत असताना इंजिन चालू करून गिअर टाकून तपासू नका. गाडी जॅकवरून उडी मारते.

मीटरघर

वरच्या टोकाबद्दल. जोडण्याआधी आतली तार बाहेरच्या नळीच्या तोंडातून साधारण १० मि.मी. बाहेर आलेली असावी. नवी केबल जुन्या केबलशेजारी ठेवून हे माप पडताळा. कमी आली तर ती खोबणीत पोचत नाही, जास्त आली तर मीटरच्या दांडीवर कायम दाब राहतो आणि बेअरिंगची जागा झिजते.

मीटरची खोबणीही फिरवून बघा. तुटलेल्या तारेचा तुकडा त्यात घालून दोन बोटांनी फिरवला तर सहज फिरला पाहिजे. जड जात असेल तर तिथेच थांबा. मीटर जाम असल्यामुळेच बऱ्याच तारा तुटतात, आणि त्याच मीटरला नवी तार लावली तर तीही तुटेल. मीटरच्या मानेत, म्हणजे केबल जोडतो त्या नळीत, तेल धरून ठेवणारी वात असते, तिच्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून पाहा. तरीही जड असेल तर मीटर उघडून दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

कोल्हापूर_११००

खालचं टोक बसलं, नट बोटांनी पूर्ण गेला. आकडे चालू झाले. पण ४० च्या खाली काटा थरथरतो, मध्येच उडी मारतो आणि डॅशबोर्डमागून टकटक येते. वेग वाढला की कमी होतं.

मीटरघर

तार कोरडी आहे किंवा कुठेतरी मुडपलेली आहे. अशी तार अडली की पीळ साठवते आणि सुटली की झटक्यात सोडते, म्हणून काटा उडतो. गिअरबॉक्स उतरवताना केबल लटकत राहिली असेल तर मुडपणं सहज शक्य आहे.

आतली तार काढा. काही केबलींत ती वरून सुटी निघते, काहींत खालच्या टोकाला कॉलर (तार अडवणारं कडं) असते, तेव्हा ओढण्याआधी दोन्ही टोकं बघा. रॉकेलने धुऊन दोन्ही टोकं दोन हातांत धरा, मधला भाग खाली झोळ पडेल असा सोडा आणि एक टोक बोटांत सावकाश फिरवा. दुसरं टोक त्याच वेगाने फिरलं तर तार चांगली. अडकून झटका मारला तर ती टाकून द्या. मुडपलेली तार सरळ करून चालत नाही.

ग्रीस नळीत भरायचं नसतंच. हरभऱ्याएवढं पातळसर ग्रीस बोटांवर घेऊन तारेवरून ओढत न्या, पातळ लेप राहील एवढंच. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस नको. वरचा १५ ते २० सें.मी. भाग पूर्ण कोरडा ठेवा. तारेचे वेढे फिरताना वंगण वर चढवतात, आणि ते मीटरच्या कपात (काट्याला जोडलेल्या, चुंबकाभोवतीच्या वाटीत) शिरलं की काटा वर चिकटून चुकीचा वेग दाखवतो.

केबल कशी वळवली आहे तेही महत्त्वाचं. कुठलाही वळसा १५ सें.मी.पेक्षा कमी त्रिज्येचा नको आणि मीटरमागचे पहिले पाच सें.मी. सरळ. फायरवॉलमधला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातला) केबलभोवतीचा रबरी ग्रोमेट जागेवर हवा. सायलेन्सरच्या पाइपाला नळी टेकू देऊ नका, आतलं ग्रीस वितळून वाळतं.

स्टेअरिंग_गिअर

वर दिलेल्यात दोन भर घालतो. तार बाहेर काढल्यावर खालच्या भागात गिअर ऑइलचा वास आला तर पिनियनचं सील गेलंय. ते न बदलता नवी केबल घातली तर तेल परत वर चढणार आणि गिअरबॉक्समधली पातळीही उतरत राहणार. सील स्वस्त आहे, केबल खाली सुटलेली असतानाच बदलून टाका.

दुसरं, गाडी पूर्वी टॅक्सी असेल तर भाड्याच्या मीटरसाठी केबलला बसवलेला दुहेरी जोड राहून गेलाय का बघा. तो काढून सरळ केबल टाका. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या, त्यामुळे तयार केबल शोधत बसण्यापेक्षा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुनी केबल नेऊन दोन्ही टोकं आणि लांबी जुळवून घेणं बरं. दुसऱ्या गाडीच्या केबलचे आटे जुळले तरी टोकाचा चौकोन बारीक असू शकतो. तो भोकात नुसता घसरतो आणि कोपरे खातो.

स्पीडोमीटर बदललेला असेल तर गिअरबॉक्सशी त्याचा मेळ असा तपासा. रस्त्यावर २० मीटर मोजून खुणा करा, केबल फक्त गिअरबॉक्सला जोडलेली ठेवा, वरच्या टोकाला कागदाची झेंडी चिकटवा आणि न्यूट्रलमध्ये गाडी सरळ ढकला. झेंडीचे फेरे मोजून ५० ने गुणले की दर किलोमीटरचे फेरे मिळतात. डायलवर छापलेला फेऱ्यांचा आकडा दर किलोमीटरचा असेल तर त्याच्याशी ताडून बघा, दर मैलाचा असेल तर आधी १.६०९ ने भागा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर केबल कितीही नीट लावली तरी वेग चुकीचाच दिसेल, आणि मग पिनियन किंवा मीटर बदलावं लागेल.