सिव्ह ५: कोणत्या इमारती बांधाव्यात, कोणत्या सोडाव्यात?

पांझराकाठ (धुळे)
राम राम मंडळी. सिव्हिलायझेशन ५ हा संगणकावरचा खेळ खेळतोय, सोबत ब्रेव्ह न्यू वर्ल्ड हा त्याचा जोडभाग, स्टँडर्ड वेग, पॉलिसींमध्ये (धोरणांत) ट्रॅडिशन. शहरं ४, टर्न (खेळी) ९०. मॉन्युमेंट, ग्रॅनरी (धान्यकोठार), बॅरेक्स (सैन्याच्या बराकी), वॉटर मिल (पाणचक्की) चारही ठिकाणी आहेत. लायब्ररी फक्त दोन शहरांत. गोल्ड दर टर्नला उणे ६, हॅपिनेस १. पुढे काय बांधू आणि काय नको?

केळीपट्टा (रावेर)
भाऊ, आधी लायब्ररी, बाकी सगळं थांबवा. ७५ हॅमर (बांधकामाला लागणारं उत्पादन), देखभाल १ गोल्ड, आणि दर २ नागरिकांमागे १ सायन्स. खरा फायदा पुढे आहे: सगळ्या शहरांत लायब्ररी झाल्याशिवाय नॅशनल कॉलेज सुरूच होत नाही, आणि ते राजधानीचं सायन्स थेट ५० टक्क्यांनी वाढवतं, वर ३ सायन्स वेगळे. ज्या शहरात दर टर्नला ३ हॅमर निघतात तिथे लायब्ररीला २५ टर्न लागतील. तिथे ती गोल्ड देऊन विकतच घ्या. कॉलेज पूर्ण होईपर्यंत पाचवं शहर वसवू नका. वसवलं की तिथेही लायब्ररी लागते आणि तोवर कॉलेजचं काम अडकून पडतं. शिवाय शहरं वाढली की त्याची किंमतही वाढते.

ग्रॅनरी केल्या ते योग्यच. २ अन्न म्हणजे एका नागरिकाचं पोट. हद्दीत गहू, केळी किंवा हरिण असेल तर प्रत्येकी १ जास्त. आणि ज्या शहरातून राजधानीला अन्नाचा कॅरव्हान (व्यापारी तांडा) पाठवायचा, तिथे ग्रॅनरी हवीच.

जंक्शनवाला (भुसावळ)
दादा, गोल्डची गळती बॅरेक्समध्ये आहे. चार बॅरेक्स म्हणजे दर टर्नला ४ गोल्ड, आणि मिळतं काय, तर नव्या तुकडीला १५ अनुभव-गुण. सैन्य एकाच शहरात तयार करा, बाकी तीन बॅरेक्स विकून टाका. एका शहरात एका टर्नला एकच इमारत विकता येते. वॉटर मिलला २ गोल्ड लागतात, बदल्यात २ अन्न आणि १ हॅमर. राजधानीत ठेवा, इतर ठिकाणी गोल्ड सावरेपर्यंत तिची घाई नव्हती. रस्तेही तपासा, नकाशावरच्या दर चौकोनाला १ गोल्ड जातं. दोन शहरांमध्ये दोन-दोन वाटा असतील तर एक काढा. खजिना शून्यावर जाऊन तूट चालूच राहिली तर ती सायन्समधून कापली जाते, मग लायब्ररी बांधूनही उपयोग नाही.

भिंतींना देखभाल लागत नाही, पण ७५ हॅमर जातात. शेजारी चालून येण्याची चिन्हं असतील त्या सीमेवरच्या शहरातच बांधा.

पांझराकाठ (धुळे)
आणि हॅपिनेस? कलोसियम की सर्कस? अ‍ॅक्विडक्ट (पाण्याचा कालवा) बांधू का?

केळीपट्टा (रावेर)
घोडे किंवा हस्तिदंत हद्दीत असेल आणि कामगारानं त्या चौकोनाचा विकास केलेला असेल तर आधी सर्कस: ७५ हॅमर, २ हॅपिनेस, देखभाल शून्य. नसेल तर कलोसियम: १०० हॅमर, २ हॅपिनेस, १ गोल्ड. एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते: शहराची लोकसंख्या जितकी, त्याहून जास्त हॅपिनेस त्याच्या इमारती देऊ शकत नाहीत. ३ लोकसंख्येच्या शहरात दोन्ही बांधल्या तर ४ ऐवजी ३ च मिळतात. म्हणून मोठ्या शहरापासून सुरुवात करा.

अ‍ॅक्विडक्ट हातानं बांधू नका. ट्रॅडिशनच्या पॉलिसी पूर्ण झाल्या की पहिल्या ४ शहरांत तो फुकट येतो. १०० हॅमर वाचतात, ते युनिव्हर्सिटीला लागतील: १६० हॅमर, २ गोल्ड, सायन्स ३३ टक्के जास्त.

आणि हो, जंगलातल्या केळीवर प्लँटेशन (मळा) करू नका. रावेरचा माणूस हे सांगतोय म्हणजे ऐकाच! प्लँटेशन केलं की जंगल तुटतं. तसंच ठेवलं तर ३ अन्न, ग्रॅनरीमुळे ४, आणि युनिव्हर्सिटी झाल्यावर त्याच चौकोनातून २ सायन्स. फक्त तिथे नागरिक कामाला लावलेला असला पाहिजे.