विद्यापीठात प्रकल्प सहायक की कॉलेजात तासिका? सल्ला हवा

गिरणाकाठची: नमस्कार मंडळी. एम.एस्सी. रसायनशास्त्र झालंय, प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, सेट, निघालीये. दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक, आपल्या कबचौउमविमध्ये (कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव), बांभोरीला, प्रकल्प सहायक, अकरा महिन्यांचा करार. दुसरं, पारोळ्याकडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन. घर एरंडोलजवळ. अर्ज, झेरॉक्स, एसटी धरून महिन्याला दोन हजारांच्या वर झेपणार नाही, नेटचा (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) क्लास तर नाहीच. काय घेऊ?

रावेरचा_केळीवाला: पुण्याला जा. माझ्या भाच्याने तिथे वर्षभर क्लास लावला, खोली घेतली, पहिल्याच दमात नेट काढली. पैशाकडे बघू नका.

गिरणाकाठची: दादा, बजेट वर लिहिलंय.

भुसावळकर: तासिकेच्या नादी लागू नका. मी सहा वर्षं घालवली. मानधन मार्चनंतर एकदम यायचं, तेही अर्धं. उन्हाळ्यात हात रिकामे. दुकानदार उधारी मागायला दारात यायचा.

धुळ्याची_ताई: नेट दे गं, युजीसीची नेट सोपी असते. चुकलं तरी मार्क कापत नाहीत.

प्रयोगशाळा_नं_३: ताई, रसायनशास्त्राची नेट युजीसीची नाही, सीएसआयआर या विज्ञान संशोधन संस्थेची. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात. सेटला कापत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

धुळ्याची_ताई: माझं मराठी विषयाचं होतं, तेव्हा मी बरोबरच सांगितलं.

रावेरचा_केळीवाला: भाचाही नेटच म्हणतो. पुणे!

प्रयोगशाळा_नं_३: मुद्द्यावर येतो. २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट पुरते, पीएच.डी. सक्तीची नाही. म्हणजे तुमची पात्रता झालीये. पण जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७ हजार आणि पीएच.डी. दोन्ही साधेल. कायम जागेचा सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० आहे, पण जाहिरात आली की आधी बिंदुनामावलीत (आरक्षणाप्रमाणे जागांचा क्रम लावलेली यादी) ती कुठल्या प्रवर्गाची हे बघा. राखीव जागेवर अर्ज करायचा असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर आत्ताच तयार ठेवा. माझी एक मुलाखत त्या एका कागदाने गेली, अजून झोंबतं.

तापीमाय: माले तर प्रकल्पच बरा वाटस. विद्यापीठाचं ग्रंथालय, उपकरणं, सगळं एका जागी. मी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली, तेव्हा विद्यापीठ नुकतं सुरू झालेलं. आता केवढं बदललंय ते!

भुसावळकर: प्रकल्प घ्या. तासिका नकोच. परत सांगतो, नकोच.

प्रयोगशाळा_नं_३: तासिका घ्यायचीच असेल तर निवड समितीमार्फत नेमणूक, नियुक्तीपत्र आणि विद्यापीठाची मान्यता, तिन्ही हातात असल्याशिवाय तो अनुभव पुढे मोजला जाईल असं धरून चालू नका. तोंडी शब्दावर वर्ष घालवू नका.

गिरणाकाठची: सगळ्यांचे मनापासून आभार. मी तासिकाच घेतली. प्रकल्पात दिवसभर उपकरणापाशी राहावं लागणार होतं, अभ्यासाला वेळच नसता. इथे तास सकाळी आटपतात, बारा वाजेपर्यंत घरी. मला शिकवायचंय, आणि काल पहिल्या वर्गात मोल संकल्पना सांगताना मागच्या बाकावरच्या मुलीने तीन प्रश्न विचारले. मान्यतेचा अर्ज आजच कार्यालयात दिला, पोच घेतलीये. जेआरएफची पुस्तकं मैत्रिणीकडून मिळाली.

रावेरचा_केळीवाला: भाच्याच्या नोट्स पाठवू का?

गिरणाकाठची: पाठवा दादा, नक्की.